कर्ता हरवलेली वाक्ये : नेरहून वाचलेला नागपूर करार

दर वर्षी २८ सप्टेंबर आला की विदर्भात कुठे ना कुठे नागपूर कराराच्या प्रती जाळल्या जातात. वेगळ्या विदर्भाची मागणी करणारे कार्यकर्ते चौकात जमतात, घोषणा होतात, कागद पेटतो. १९५३ साली याच तारखेला त्या कागदावर सह्या झाल्या होत्या. इतक्या वेळा आग लागलेला हा मजकूर सबंध वाचलेली माणसे मात्र नेरात, दारव्ह्यात किंवा यवतमाळातही फारशी भेटत नाहीत. करार अकरा कलमांचा. छापला तर जेमतेम दोन पाने भरतील. त्याच्यावर राग असणारे पुष्कळ आहेत, त्याचा दाखला देणारेही आहेत. मला मात्र तो वाक्यावाक्याला थांबून वाचण्याजोगा वाटतो. कवितेत कवीने कुठे आवाज चढवला, कुठे नजर चुकवली हे आपण पाहतो, तसेच इथेही पाहता येते.

आधी वाचणारा कुठे उभा आहे ते सांगायला हवे. नेर म्हणजे नेर परसोपंत, यवतमाळहून अमरावतीकडे जाताना लागणारे तालुक्याचे गाव. मोर्शी तालुक्यातले नेर पिंगळाई वेगळे. हा मुलूख वऱ्हाडचा, म्हणजे निजामाच्या सुभ्याचा. १८५३ साली कर्जाच्या हिशेबात निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, तरी कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फतच चाले. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर ते कायमच्या पट्ट्याने घेतले आणि पुढच्या वर्षी मध्य प्रांताला जोडले. तेव्हापासून नेरच्या माणसाची राजधानी नागपूर झाली. म्हणजे भोसल्यांचे नागपूर ही आमची जुनी राजधानी नव्हे. वऱ्हाड आणि नागपूर ही दोन वेगळी घराणी, दोन वेगळे इतिहास. एकत्र आली ती इंग्रजी कारभारात. तरीही १ ऑक्टोबर १९३८ रोजी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने वेगळ्या विदर्भ प्रांताचा ठराव केला. पस्तीस वर्षांच्या सहवासाने एवढी आपली ओळख तयार झाली होती.

करार समजायचा तर त्याच्या आधीचा एक मजकूर शेजारी ठेवावा लागतो. ८ ऑगस्ट १९४७, स्वातंत्र्याला आठवडा उरलेला, आणि अकोल्यात पश्चिम महाराष्ट्राचे व विदर्भाचे पुढारी एकत्र बसले. शंकरराव देव एका बाजूला, ब्रिजलाल बियाणी दुसऱ्या बाजूला. तिथे ठरले ते असे की संयुक्त महाराष्ट्र व्हावा, पण त्यात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ हे दोन उपप्रांत असावेत आणि दोघांची विधिमंडळे व मंत्रिमंडळे वेगळी असावीत. ते जमले नाही तर महाविदर्भाचा स्वतंत्र प्रांत व्हावा. सहा वर्षांनी नागपुरात सह्या झाल्या तेव्हा विधिमंडळ गेले होते आणि त्याच्या जागी वर्षातून एक अधिवेशन आले होते. विदर्भाचे मंत्रिमंडळ गेले आणि मंत्रिमंडळात लोकसंख्येइतका वाटा आला. दोन्ही कागद एकामागून एक वाचले की घरातला एकेक दिवा मालवत गेल्यासारखे वाटते. नागपूर करार एकटाच वाचणाऱ्याला त्यात बरेच काही दिलेले दिसते. अकोल्यावरून येणाऱ्याला, काय काय सोडून दिले तेच आधी दिसते.

सह्या करणारी माणसे लहान नव्हती. यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर, रा. कृ. पाटील. यांतले रामराव देशमुख १९३८ च्या विदर्भाच्या ठरावामागचे. हे सगळे ठगायला किंवा ठगवून घ्यायला बसले होते, असे मला कधीच वाटले नाही. मजकुरातही कपटाचा वास नाही. उलट एक विलक्षण सौजन्य आहे. ते कुठे कुठे प्रकट होते हेच पाहण्यासारखे आहे.

पहिले कलम इच्छेचे आहे. मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या तीन राज्यांतले सलग मराठी मुलूख एक करून महाराष्ट्र व्हावा अशी आमची इच्छा आहे, आणि त्याची राजधानी मुंबई. इथे ‘आम्ही’ आहे. पुढे नागपूरचा विषय निघतो तेव्हा ‘आम्ही’ पुन्हा येतो: राजधानी असल्यामुळे महाविदर्भाच्या लोकांना मिळणारे फायदे आम्हाला ठाऊक आहेत, ते शक्य तितके टिकावेत याची आम्हाला जाणीव आहे. विकेंद्रीकरणाच्या कलमात आम्ही फार उत्सुक आहोत. शेवटच्या कलमात आम्हाला आशा आहे, विश्वास आहे.

आता मधली कलमे घ्या. निधी लोकसंख्येच्या प्रमाणात असेल. मंत्रिमंडळात प्रतिनिधित्व दिले जाईल. धंदेशिक्षणाच्या आणि शास्त्रीय शिक्षणाच्या संस्थांत पुरेशी सोय केली जाईल. सरकारी नोकरीत सर्व श्रेणींवर भरती लोकसंख्येच्या प्रमाणात केली जाईल. इथे ‘आम्ही’ नाही. कुणीच नाही. दिले जाईल, पण कोण देईल? केली जाईल, पण नाही केली तर कुणाकडे जायचे? जिथे भावना आहे तिथे प्रथमपुरुष, जिथे देणे आहे तिथे कर्मणी प्रयोग. माझ्या मते सबंध कराराचे मर्म या एका व्याकरणात आहे. वऱ्हाडात सोयरिकीच्या वेळी देण्याघेण्याची याद लिहितात, तीत काय द्यायचे याबरोबर कुणी द्यायचे हेही लिहिलेले असते. या यादीत ते नाही.

दोन ठिकाणी मात्र कर्ता स्पष्ट आहे. उच्च न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईला आणि दुसरे नागपूरला असेल, हे एक. आणि नागपूरच्या कलमाच्या अखेरीस: सरकार अधिकृतपणे ठरावीक काळासाठी नागपूरला जाईल व विधिमंडळाचे निदान एक अधिवेशन दर वर्षी तिथे भरेल. सत्तर वर्षांनंतर हिशेब मांडला तर, जी कलमे उघड डोळ्यांनी पाळलेली दिसतात ती नेमकी हीच दोन. न्यायालयाच्या कलमाला तर १९६० च्या मुंबई पुनर्रचना कायद्यात जागा मिळाली. नागपूर खंडपीठाच्या हद्दीत कोणते जिल्हे, ते त्यात नावानिशी लिहिले गेले, आणि त्यांत यवतमाळ आहे. म्हणून आजही नेरच्या शेतकऱ्याचे भूसंपादनाचे अपील नागपूरला चालते, मुंबईला नाही. हे लहान नाही. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी माणसाला सातशे किलोमीटर जावे लागणे आणि पावणेदोनशे जावे लागणे, यात न्याय मिळण्या-न मिळण्याचे अंतर आहे.

अधिवेशनाचे कलमही पाळले गेले. १९६० पासून, काही वर्षांचे अपवाद वगळता, हिवाळ्यात विधिमंडळ नागपूरला येते. करोनाच्या काळात २०२० आणि २०२१ ची अधिवेशने मुंबईतच झाली, तेव्हा कराराचे नाव पुन्हा सगळ्यांच्या तोंडी आले. पण मजकूर नीट वाचला तर त्यात दोन गोष्टी आहेत. अधिवेशन ही एक. तिच्याआधी लिहिलेली दुसरी म्हणजे सरकारचा मुक्काम. मुक्काम किती दिवसांचा, ते लिहिले नाही. काळ ठरावीक असेल एवढेच म्हटले. तो ठरवला नाही. २०२४ च्या डिसेंबरात अधिवेशन १६ ते २१ तारखेपर्यंत, सहा दिवसांत आटोपले. कराराचा भंग झाला असे कुणी म्हणू शकणार नाही. पण राजधानी असण्याच्या फायद्यांची आम्हाला जाणीव आहे, हे जे वाक्य लिहिले गेले होते, त्यातली जाणीव सहा दिवसांत किती मावते हे प्रत्येकाने आपापल्या मनाशी तपासावे.

सर्वांत दाट विणीचे कलम निधीचे आहे. मी ते पुन्हा पुन्हा वाचत आलो आहे. त्याची सुरुवातच अटीने होते: एका सरकारच्या गरजांच्या अधीन राहून. मग तत्त्व येते, वाटा लोकसंख्येच्या प्रमाणात. मग अपवाद, मराठवाडा मागास आहे म्हणून त्याच्या सर्वांगीण विकासाकडे खास लक्ष. आणि अखेर हत्यार, याचा अहवाल दर वर्षी विधानसभेपुढे ठेवला जाईल. अट, तत्त्व, अपवाद, अहवाल. रचना म्हणून हे उत्तम आहे. कराराने स्वतःवर ठेवलेली देखरेख एवढीच, या शेवटच्या वाक्यातली.

पण या कलमात एक आंधळी जागा आहे. मागास म्हणून मराठवाड्याचे नाव घेतले. विदर्भाचे घेतले नाही. का? कारण १९५३ साली विदर्भ मागास मानला जात नव्हता. मध्य प्रदेशातले हे आठ मराठी जिल्हे महसुलाच्या दृष्टीने शिलकीचे होते. कापसाचा मुलूख, अमरावती-यवतमाळच्या जिनिंग-प्रेसिंग, कापूस वाहून नेण्यासाठीच टाकलेला यवतमाळ-मूर्तिजापूरचा अरुंद रेल्वेमार्ग. फाजल अली आयोगाने १९५५ साली वेगळ्या विदर्भाची शिफारस केली तीही हे राज्य आपल्या पायावर उभे राहू शकते या आधारावर. विदर्भाकडे आहे ते टिकावे, एवढीच चिंता करारात दिसते. आहे ते कमी होईल आणि वर काही द्यावे लागेल, ही शक्यता लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आलीच नाही. पुढे तीस वर्षांनी वि. म. दांडेकर समितीने विकासातला अनुशेष मोजला तेव्हा राज्याच्या सुमारे ३,१८७ कोटींच्या अनुशेषात विदर्भाचा वाटा सुमारे १,२४७ कोटींचा निघाला, विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र या तिन्ही विभागांत सर्वांत मोठा. ‘अनुशेष’ हा शब्द तेव्हापासून आमच्या घरातला झाला. सिंचनाचा अनुशेष काय असतो हे नेरच्या कोरडवाहू पऱ्हाटीला आणि तिच्यावर कर्ज काढणाऱ्याला कुणी समजावून द्यायला नको.

आणि त्या तत्त्वातच दुसरी, आणखी खोल अडचण दडलेली आहे. लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा, हे ऐकायला न्यायाचे वाटते. पण ज्या भागात काम नाही तिथली पोरे पुण्या-मुंबईला जातात. ती गेली की लोकसंख्येतला वाटा घटतो. तो घटला की निधीतला, भरतीतला, प्रतिनिधित्वातला वाटा घटतो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या. ज्या मोजपट्टीने न्याय मोजायचा ती मोजपट्टीच उपेक्षेबरोबर आखूड होत जाते. करार लिहिणाऱ्यांना हे दिसले असते, तर त्यांनी प्रमाणाऐवजी एखादा पक्का आकडा लिहिला असता का, हा प्रश्न मला सोडत नाही.

हा प्रश्न मनात आला तो स्कॉटलंडमुळे. तिथे १७०७ साली इंग्लंडशी एकीकरण झाले ते पंचवीस कलमांच्या मजकुराने, आणि तो मजकूर नागपूर कराराशेजारी ठेवून वाचण्यात मोठा आनंद आहे. एकच संसद, आणि तीत स्कॉटलंडचे ४५ सभासद व १६ उमराव: आकडा, प्रमाण नव्हे. स्कॉटलंडचे सर्वोच्च दिवाणी न्यायालय पुढेही राहील. राजमुकुट, राजदंड आणि कागदपत्रे स्कॉटलंडमध्येच राहतील. आपली संसद हरवलेल्या लोकांना मुकुट ठेवून घ्यावासा वाटला, हे आमच्या नागपूरच्या कलमाचेच भावंड. तो मुकुट एडिंबरोच्या किल्ल्यात पेटीबंद पडून राहिला. १८१८ साली वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने पेटी उघडली तेव्हा कुठे लोकांना तो पुन्हा दिसला. न्यायालयाचे कलम मात्र तिथेही जिवंत राहिले. ज्या कलमामागे चालती संस्था उभी असते ते टिकते, हे एडिंबरोत दिसते तसे नागपुरातही दिसते. पैशाच्या बाबतीत १८८८ पासून तिथे एक सूत्र चालले: इंग्लंड-वेल्सला ८०, तर स्कॉटलंडला ११. पुढे लोकसंख्येतला स्कॉटलंडचा वाटा घसरत गेला, तरी ते ११ दीर्घकाळ ११ च राहिले. माणसे गेली, पण त्यांच्याबरोबर पैसा गेला नाही.

आणखी एक योगायोग मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याकडे करारावर सह्या झाल्या त्याच १९५३ साली एडिंबरोच्या न्यायालयात प्रश्न आला की १७०७ च्या कलमांचा भंग झाला तर दाद मागता येते का. निमित्त होते नव्या राणीच्या नावापुढच्या ‘दुसरी’ या आकड्याचे. स्कॉटलंडला पहिली एलिझाबेथ कधी नव्हतीच, मग ही दुसरी कशी? राणीच्या नावाची मोहोर असलेली टपालपेटी एडिंबरोत स्फोटाने उडवलीही गेली होती. जॉन मॅकॉर्मिक यांनी दावा लावला आणि ते हरले. पण निकाल देताना लॉर्ड कूपर यांनी नोंदवून ठेवले की संसदेची अमर्याद सत्ता हे तत्त्व इंग्लंडचे आहे, स्कॉटलंडच्या घटनापरंपरेत त्याला जोड नाही. हरलेल्या दाव्यातले हे एक वाक्य पुढे स्वशासनाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा उद्धृत होत राहिले. १९७९ च्या स्वशासनाच्या सार्वमतात मतदान करणाऱ्यांपैकी बहुमताने होकार देऊनही, एकूण मतदारांच्या ४० टक्क्यांच्या अटीपायी ते वाया गेले. १९९७ साली जवळजवळ तीनचतुर्थांश मतांनी होकार आला आणि १९९९ साली एडिंबरोत पुन्हा संसद भरली. नागपूर कराराबद्दल असे वाक्य लिहिण्याची संधी कुठल्या न्यायाधीशाला मिळाली नाही, कारण करार कायदा नव्हता. स्कॉटलंडच्या कलमांना दोन संसदांनी मंजुरी दिली होती. इथे सद्भावनेच्या सह्या होत्या.

न्यायालयाचे कलम सोडले तर कायद्याजवळ नागपूर करार एकदाच गेला. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ ला नवे रूप मिळाले आणि त्याच्या दुसऱ्या खंडात निधीच्या कलमाचा जवळजवळ सगळा सांगाडा उतरला: विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी तीन विकास मंडळे, निधीचे न्याय्य वाटप, तांत्रिक शिक्षण, नोकऱ्या, दर वर्षी विधानसभेपुढे अहवाल. अटही आली, सबंध राज्याच्या गरजांच्या अधीन राहून. आणि इथे अखेर कर्ता आला: राष्ट्रपती राज्यपालांवर विशेष जबाबदारी सोपवू शकतील. ‘शकतील’ या क्रियापदाने अडतीस वर्षे घेतली. मंडळे १९९४ साली झाली आणि ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

या सगळ्या काळात यवतमाळ जिल्हा रिकाम्या हाताने बसला होता असे नाही, आणि इथे वाचन गुंतागुंतीचे होते. गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ च्या डिसेंबरपासून १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. पुढे सुधाकरराव नाईकही झाले. आमच्याच जिल्ह्याच्या वणीचे बापूजी अणे मात्र वेगळ्या विदर्भाचे कट्टर समर्थक राहिले आणि १९६२ साली त्याच मागणीवर नागपुरातून लोकसभेत गेले. हेच अणे लोकमान्य टिळकांचे निस्सीम अनुयायी. टिळकांवर त्यांनी ‘तिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत महाकाव्य लिहिले आणि त्याला त्यांच्या मृत्यूनंतर साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुण्याच्या माणसावर आयुष्यभर प्रेम करणारा माणूस विदर्भाचे राज्य मागत होता, हे ज्यांना ही मागणी म्हणजे द्वेष वाटते त्यांनी नीट लक्षात घ्यावे.

पहिल्या कलमातही एक गाळलेली जागा आहे. ‘सर्व मराठी भाषकांचे’ राज्य म्हणताना यवतमाळ जिल्ह्यातले कोलाम, गोंड आणि तांड्यांवरची गोरबोली बोलणारी माणसे त्या वाक्यात कुठे बसतात? करार त्याबद्दल गप्प आहे. आणि इतिहासाचे वळण असे की या राज्याचे सर्वांत दीर्घकाळचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक तशाच तांड्यावरून आले.

उरली विकेंद्रीकरण आणि सीमा ही कलमे. खेडे हा घटक धरून सीमा ठरवाव्यात, हे एका ओळीचे कलम. पुढे बेळगावच्या प्रश्नात महाराष्ट्र हेच तत्त्व मांडत राहिला. विकेंद्रीकरणाचे कलम तर सर्वांत ढिले. त्यात उत्सुकतेखेरीज काही नाही. ना आकडा, ना मुदत, ना संस्था. कर्त्याचा माझा नियम इथे मोडतो, कारण या कलमाला कर्ता बाहेरून येऊन मिळाला. महसूलमंत्री असताना वसंतराव नाईकांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, तिच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद आणि पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या. सगळ्यांत कमी शब्द देणाऱ्या कलमाने नेरच्या माणसाला पंचायत समिती दिली, तीही पुसदकडच्या माणसाच्या हातून.

म्हणून दर वर्षी कागद पेटवण्याआधी निधीच्या कलमाचे शेवटचे वाक्य मोठ्याने वाचले जावे असे मला वाटते. तो वार्षिक अहवाल विधानसभेपुढे ठेवायचा आहे, तसा प्रत्येक पंचायत समितीपुढेही ठेवावा: नेर तालुक्यात या वर्षी रस्त्याला किती आले, सिंचनाला किती, शाळेला किती, आणि लोकसंख्येच्या हिशेबाने किती यायला हवे होते. त्याला घटनादुरुस्ती लागत नाही, आयोग लागत नाही. सभापतींच्या टेबलावर तो कागद यावा आणि त्यावर तारीख असावी, २८ सप्टेंबर.